शाफ्ट कापायचा तर गफूर उस्तादांकडंच!

लेथखालचा लोखंडी चुरा कितीबी झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढाच साठतो. आमच्या पूर्णेच्या वर्कशॉपचे किस्से तसेच!

निजामी नुकतीच संपली होती. गाडीचा शाफ्ट, म्हंजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना नेणारा पोकळ दांडा, लांब-आखूड करायचा तर मालक लोक थेट हैदराबाद गाठायचे. गफूर उस्तादांना ते लय लागायचं. "आपल्या जिल्ह्याचा शाफ्ट हैदराबादला गेला, तर मी लेथ विकून भजी तळीन!" वर्कशॉपात आमी दोघंच, ते अन् मी. इज्जतीचा सवाल होता.

*

गंगाखेडचा एकजण रिकामी लॉरी घेऊन आला. उस्ताद म्हणाले, "भरून आण. वजनानं चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबल्याबिगर खरं माप मिळत न्हाई."

"शाफ्ट कापायला ज्वारी आणू?" तो तापला.

उस्तादांनी समोरच्या हॉटेलातली झाडून सगळी माणसं लॉरीत चढवली. एका म्हातारीनं विचारलं, "कुठं जायलीय गाडी?"

"कुठंच न्हाई मावशी, बसा निवांत!"

माप झालं, तरी म्हातारी उतरंना. "ना धूळ, ना गचके. असा प्रवास मला पुन्हा कवा घडायचा?"

*

आता माझी करामत. कापायच्या आधी उस्ताद शाफ्टवर टोकापासून टोकापर्यंत खडूची सरळ रेघ मारायचे. जोडताना रेघेला रेघ मिळाली की काम फत्ते, चुकली की गाडी थरथरलीच! खंडेनवमीला मी अवजारं घासून पूजेला मांडली अन् भक्तीच्या भरात कापलेला शाफ्टबी धुऊन काढला. रेघ गेली वाहून! मग अंदाजानं वेल्डिंग ठोकलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर परत. "गाडी न्हाई ओ, गाढव हाय! टपावरची गाठोडी रस्ताभर पांगली!"

उस्ताद एवढंच म्हणाले, "पूजा झकास झाली. आता काप परत." लाजेनं माझी मान वर होईना.

*

पालमचा एक मालक शाफ्टचा कापलेला तुकडाबी मागून घेऊन गेला. वर्षानं गाडी लांबवली, तर तोच तुकडा घेऊन हजर. "हाच जोडा!"

ज्योत लागली अन् सगळं वर्कशॉप खोकायला लागलं. मालकाच्या कारभारणीनं त्या नळीला लाकडी बूड ठोकून वर्षभर तिखट भरलं होतं! डोळे पुसत उस्ताद म्हणाले, "शाफ्ट जोडायलोय का फोडणी द्यायलोय?"

*

पण नामदेवरावांच्या गाडीसारखा किस्सा न्हाई. होतं-नव्हतं ते घालून त्यांनी जुन्या लष्करी ट्रकची सर्विस मोटार, म्हंजे प्रवासी गाडी, केली. सीटं वाढवायला गाडी लांबवली, अन् शाफ्ट आमी लांबवला.

गाडी तपासून परवाना देणाऱ्या पासिंगच्या साहेबांनी खाली वाकून जोड बघितला अन् तोंड वाकडं केलं. "इथं जोडलाय? गाडी थरथरणार. हैदराबादहून करून आणा."

नामदेवराव मटकन खाली बसले. "साहेब, माझा संसार बुडंल ओ!"

उस्ताद तडक बाहेर गेले. वडाखाली बसणाऱ्या विठू न्हाव्याला धोपटीसकट उचलून आणलं. शाफ्टच्या बरोबर वरच्या सीटवर बसले अन् मान मागं टाकली.

"नामदेवराव, हाणा गाडी! विठू, कर दाढी!"

साहेब समोर बसले. स्टेशनच्या नव्या सडकेवर नामदेवरावांनी ॲक्सिलेटर दाबला. गळ्यावर वस्तरा! मी डोळेच मिटले. विठू पुटपुटायला लागला, "देवा, फाशी नको रे!"

गाडी थांबली. उस्तादांनी गाल साहेबांपुढं धरला. एक ओरखडा न्हाई!

साहेबांनी त्या गालावरून बोट फिरवलं. टोपी काढली. उस्तादांना उठवून स्वतः त्या सीटवर बसले.

"विठू, साबण लाव. अन् ड्रायव्हर, आता जरा जोरात घ्या!"