कडेनं धरा

नाशिक रोडला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पोपची जुनी सोन्याची नाणी जमवतात. घरात एकटेच असतात. मी निघायला उठलो, की घाईघाईनं डबी उघडून एक नाणं माझ्या हातात देतात.

"कडेनं धरा. मधे बोटाचा ठसा उमटतो. टेबलावर ठेवू नका, घासतं. आलोच चहा घेऊन."

मग कसलं निघणं! दुसऱ्याचं सोनं चिमटीत धरून माणूस जाणार कुठं? मोबाइलसुद्धा काढता येत नाही. आणि त्यांच्या चहाला तर फारच वेळ लागतो.

त्या नाण्यावर पोपचा चेहरा नाही. नुसत्या दोन किल्ल्या आणि वर उघडलेली छत्री. "एक पोप गेला आणि दुसरा ठरायचा होता, तेव्हाचं आहे हे," काका दर वेळी नव्यानं सांगतात. "गादी रिकामी होती ना!"

परवा मला खरंच घाई होती. नाणं परत द्यायला स्वयंपाकघरात डोकावलो. गॅस पेटवलेलाच नव्हता. काका साखरेचा डबा हातात घेऊन ओट्याशी नुसते उभे होते.

मी पाय न वाजवता परत येऊन बसलो आणि बाहेरूनच ओरडलो, "काका, आलं किसून टाका हं. मला काही घाई नाही."