फाजील स्नायू

माणसाचं तोंड न बघता त्याच्याशी जन्मभर उत्तम संबंध ठेवता येतात, हे सिद्ध करणारे एकच गृहस्थ मी पाहिले. ते म्हणजे माझे मामेसासरे. मुलुंडला राहायचे, मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांनी अख्ख्या मुलुंडलाच वर्गात बसवलं. चेहरा ही त्यांच्या लेखी गळ्याच्या वरची किरकोळ बाब. खरा माणूस गळ्याखाली सुरू व्हायचा आणि बरगड्यांपाशी संपायचा. लग्नात मी पाया पडलो तेव्हा आशीर्वाद राहिला बाजूला, त्यांनी माझा खांदा चाचपला आणि म्हणाले, "जावईबापू, हात वर करा बघू." मी केला. छातीचा मोठा स्नायू दंडाच्या हाडाला जिथे चिकटायला हवा, त्याच्या जरा खालीच माझा चिकटलाय, असं त्यांनी भर मांडवात जाहीर केलं. सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मुलाकडच्यांनी ही गोष्ट लपवली, असं त्यांना वाटलं असावं.

मामा मात्र याला दोष मानतच नसत. "पुस्तकातला माणूस अजून जन्मायचाय," असं ते म्हणत. कुणाचा एखादा स्नायू जन्मापासून गैरहजर, कुणाचा जादा, कुणाचा भलत्याच बरगडीवरून निघालेला, असं काही सापडलं की स्वारी ताजा बांगडा मिळाल्यासारखी खूश. एकदा गणपती ठरवायला त्यांना सोबत नेण्याची अवदसा मला आठवली. कारखान्यात शिरताच त्यांनी मूर्तिकाराला विचारलं, की हे मागचे दोन हात नेमके कशाला जोडलेत? तो बिचारा म्हणाला, तारेला. ते उत्तर मामांनी पुढे आठवडाभर भेटेल त्याला ऐकवलं.

त्यांचा खरा जीव होता तो स्वतःच्या छातीवर. छातीच्या मधल्या हाडालगत त्यांना एक उभा, पट्टीसारखा स्नायू होता, जो बहुतेकांना नसतोच. त्याचं काम काय, तर काही नाही. मामा त्याला लाडाने 'फाजील स्नायू' म्हणायचे. मामी म्हणायच्या, माणूसच फाजील, तिथे स्नायूला काय बोल लावायचा. हा स्नायू जळून जाता कामा नये, कॉलेजातल्या पोरांनी तो टेबलावर आपल्या हातांनी शोधला पाहिजे, म्हणून देहदान करायचं, हा मामांचा हट्ट. मामी मालवणच्या. मामांचं सगळं वेड त्यांनी संसारभर सोसलं, पण इथे त्या अडून बसायच्या. "माणूस गेलो की चार खांदे लागतत," एवढंच म्हणायच्या. नवऱ्याला सामानासारखं गाडीत घालून पाठवायचं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. मामा यावर वाद घालत नसत. आपल्यामागे शब्द चालणार तो हिचाच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी सकाळचा चहा पिता पिता मामा गेले. सगळे नातेवाईक जमले आणि मामींच्या तोंडाकडे बघत बसले. मामी बराच वेळ त्यांच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. मग मला म्हणाल्या, कॉलेजात फोन करा.

गाडी आली, पण स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. तिरकं करून पाहिलं, तरी नाही. हातात धरून जिन्याने न्यावं, तर प्रत्येक वळणावर कठड्याला अडायचं. शेवटी आम्ही चौघांनी ते उचलून सरळ खांद्यावर घेतलं आणि मामांना तसंच खालपर्यंत उतरवलं. आमच्या चौघांच्या खांद्यांविषयी त्यांना वाटेत बरंच काही सांगावंसं वाटलं असणार. ते ऐकायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

खाली गाडीपाशी मामी पुढे आल्या. त्यांनी मामांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि अगदी हळू, रोज मामा घराबाहेर पडताना म्हणायच्या तशा म्हणाल्या,

"गावलो मां खांदो तुमका? आता जावा, पोरांका शिकवा."