आंदणात दिलेली गल्ली

"हाथ आघा राख. खोळो पाथर."

हात लांब ठेव, पदर पसर, असं शेठाणी म्हणाली. मला पदर कुठला? मी शर्टाचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं. तिनं मागच्या दाराच्या पायरीवरून कालची भाकरी टाकली. अर्धी शर्टात पडली, अर्धी खाली. खालची उचलायला वाकलो तेव्हा आतून कुणीतरी हसलं. शर्ट शाळेचा होता. तोच घालून मी मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि पास झालो होतो.

आम्ही काठेवाडातले. आजाला परभणीत आणलं ते संडास साफ करायला. घरात गुजराती, बाहेर मराठी. धान्याच्या मोंढ्यामागची एक गल्ली आमच्या बापाची होती. म्हणजे घरं नव्हेत, घरांचे संडास. याला आमच्यात घराकी म्हणत. ज्याची घराकी, त्यानंच त्या दारचा मैला उचलायचा. दुसऱ्यानं तिथं पाऊल ठेवायचं नाही. घराकी गहाण ठेवता येई. मुलाला वारशानं मिळे. मुलीला आंदण देता येई. बापा मिशीवरून हात फिरवून सांगायचा, "आखी गली मारी छे." अख्खी गल्ली माझी!

शेठचा जिनिंगचा कारखाना होता. तोही काठेवाडचा. बापाला त्याचं कौतुक. आपल्या भाषेतला माणूस! नवरात्रात शेठच्या अंगणात गरबा चाले, तेव्हा माझी बा, म्हणजे आई, भिंतीबाहेर उभी राहून तीच गाणी पुटपुटायची. आतल्या बायका कडवी विसरायच्या. बा विसरायची नाही.

त्या दिवशी शर्ट झटकून मी ओसरीखाली शेठसमोर उभा राहिलो. कारखान्यात शिपाई हवा होता. मी त्याच्याच भाषेत नोकरी मागितली. मागं बापा उभा होता.

शेठ रागावला नाही. तो समजावणीच्या सुरात बोलला. ते शब्द अजून जसेच्या तसे कानात आहेत.

"नोकरी तो आजे छे, काले नथी. घराकी कोई लई न शके. ए तो तमारो हक छे."

नोकरी आज आहे, उद्या नाही. घराकी कुणी काढून घेऊ शकत नाही. तो तुमचा हक्क आहे.

"साची वात, शेठ," बापानं दुजोरा दिला. हात जोडलेले. चेहऱ्यावर समाधान. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. शेतकरीसुद्धा खडी फोडायला जात होते आणि आमच्या घरात रोज भाकरी येत होती. बापाचं काय चुकलं?

मला वर्गात घटना शिकवली होती. हक्क म्हणजे काय ते मी परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुणही मिळाले होते. कुणीही काढून घेऊ शकत नाही तो हक्क. शेठही तेच सांगत होता. आमचा हा एकच हक्क अख्ख्या गावात कुणाला नको होता, म्हणून तो सुरक्षित होता.

मी मैल्यानं भरलेला डबा शेठच्या पायरीवर ठेवला आणि चालू लागलो.

"अल्या, पाछो आव!" बापानं मागून हाक मारली, परत ये.

मी मागं फिरलो नाही. कोपऱ्यावरून एकदा पाहिलं. बापा शेठची माफी मागत होता. मग त्यानं वाकून डबा उचलला.

मी शाळेतल्या मित्राच्या घरी गेलो. ती बौद्ध वस्ती. त्याची आई दारात ज्वारी निवडत बसली होती.

"कुटं हिंडायलास रं उन्हाचं? बस. पानी पी."

लोटा तिनं माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमी बी मेलेली ढोरं वढायचो, बाबा. सोडलं तवा समद्या वस्तीनं एकदम सोडलं. एकल्यानं सोडलं की वजं दुसऱ्याच्या पाठीवर जातंय."

ऐकलं. पण त्या दिवशी माझी छाती फुगलेली होती. आत काही शिरलं नाही.

झरीच्या रस्त्यावर खडी फोडायला लागलो. माझ्या तोंडून गुजराती शब्द गेला की बायाबापड्या हसायच्या. "आवं शेठ, हातोडा उचला की! का मुनीम पाठवू?" मीही हसायचो. हाताला फोड आले होते, पण त्या हातांची मला लाज वाटत नव्हती.

एक दिवस माझी धाकटी बहीण मोंघी भाकरी घेऊन आली. नवं पोलकं होतं अंगात. चेहरा फुललेला. तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे आधी नाही म्हणत होते. बापानं गल्ली आंदण दिली, तेव्हा तयार झाले.

"भाई, तें छोडी, तो मने मळी."

भाऊ, तू सोडलीस म्हणून मला मिळाली. तक्रार नव्हती ती. आभार होते.

ऊठ म्हणायला हवं होतं. घरी जाऊन बापासमोर उभं राहायला हवं होतं. मी भाकरी खाल्ली. ती गेली आणि मी हातोडा उचलला.

लग्नानंतर मोंघी हिरव्या चुड्यानं त्या मागच्या दारात उभी राहिली. तिला पदर होता.

पुढं मला सरकारी कचेरीत नोकरी लागली. मोंघी आयुष्यभर त्याच कामात राहिली आणि खोकून खोकून मेली. तिचा मुलगा सफाई खात्यात लागला. तोही गेला. मला मात्र सभांना बोलावतात. शाल घालतात. डबा ठेवून निघून आलेला पहिला माणूस, असं सांगतात. डबा कुणी उचलला, हे आजवर एकानंही विचारलं नाही.

आता मोंघीच्या मुलाच्या जागी वारस नेमायचा आहे. त्याला वारसा हक्क म्हणतात. तिचा नातू नाही म्हणाला आणि पुण्याला गेला. माझ्यासारखाच. म्हणून सगळ्यांचे डोळे नातीकडे लागलेत. ती बारावीला आहे. काल तिची आई मला म्हणाली, "मामा, हक्काची जागा हाय. सोडली तर खायाचं काय?"

माझी पेन्शन त्या घराला पुरणार नाही, आणि मीही फार दिवस पुरणार नाही. ती जागा गेली तर घराचे हाल होतील, हे मला दिसतं आहे.

तरी उद्या सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे. नातीचा हात धरून तिच्या आईसमोर सांगणार आहे, ही जाणार नाही. शिव्या बसतील. बसू देत. या वेळी मी निघून जाणार नाही.