इंग्लंडच्या माळावर माझ्यासोबत अकरा जण

मंडळी, आज डोकं फिरलंय.

इथे आखातातल्या नोकरीत दोन वर्षांनी आठ दिवसांची लीव्ह मिळाली. इंग्लंडच्या ओसाड माळरानावर एकट्याने चालायचं, अंधार पडला की छोटा तंबू ठोकून झोपायचं, एवढंच ठरवलं होतं. सकाळी हे शेजारच्या सावंतांना सांगितलं, इथेच चुकलो.

दुपारपर्यंत त्यांनी ‘इंग्लंड कॅम्पिंग’ ग्रुप काढून अकरा जण भरले! कुणी विचारतंय, "इथल्या वाळवंटातल्या कॅम्पसारखा जनरेटर मिळेल ना?" कुणी स्पीकर आणतंय, सावंत वहिनी कुकर.

मी ग्रुप सोडला. दोन मिनिटांत सावंतांचा फोन. "अरे, चुकून बाहेर पडलास बघ. परत ॲड केलंय. यल्ला, चल लवकर, तिकिटं काढ!"

आपल्या माणसांतून एकटं जायचं तर भांडूनच निघावं लागतं का हो?