उपासाला चालणारा डबा

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, चेरीताल मोहल्ल्यातल्या औषधाच्या दुकानात ते म्हातारे गृहस्थ माझ्यापुढे उभे होते आणि बँकेतून दमून आलेला मी मनातल्या मनात चरफडत होतो. प्रोटीन पावडरचा प्रत्येक डबा ते डोळ्यांजवळ नेत, फिरवून बघत आणि हळूच परत ठेवत.

"भैया, ये बनता किस चीज़ से है?"

"ताकत का है, दादा," दुकानदार म्हणाला.

"अक्षर दिसून नाही राहिलं," ते स्वतःशीच पुटपुटले. मराठी ऐकून मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि वाचला. त्यात सोयाबीन होतं.

"मग नाही चालत. आजारी बायकोसाठी नेतो, अन् तिचा उपास असते."

दुसरा डबा दुधाचा निघाला. दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, त्याचीच ही भुकटी, असं मी सांगितलं.

"म्हणजे पनीरचं पाणी! त्यात तर ती कणीक भिजवायची." त्यांनी डबा छातीशी धरला.

मी जरा तडकूनच म्हणालो, "आजारी माणसानं उपास कशाला करायचे? सोडायला सांगा ना त्यांना."

ते झाकणावरून अंगठा फिरवत राहिले.

"घासच उतरत नाही तिच्या गळ्याखाली. ते मला कळू द्यायचं नाही, म्हणून रोज नवा उपास सांगते. काल मंगळवारचा, आज बुधवारचा. मी म्हणतो, बरं."

डबा पिशवीत घालता घालता ते थांबले आणि पुन्हा दुकानदाराकडे वळले.

"भैया, इसमें सेंधा छोड़कर सादा नमक तो नहीं है ना? उनका उपवास है।"