बेनिल्देची कडू सफरचंदं

बेनिल्दे कुणाच्याही बागेत शिरली की आधी खाली पडलेलं सफरचंद उचलायची. एक घास तोडायची, डोळे मिटून चावायची आणि थुंकायची. मग निकाल. "गोड, पण पोकळ." "आंबट, कामाचं." मालक शेजारी उभा असला तरी तिला त्याचं काही नसे.

आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण होतं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि घराखालच्या उतारावर सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या दारूसाठी, बाग लावायचं तिनं नुकतंच मनावर घेतलं होतं. तिचे वडील रेमिहिओ पिण्यात पटाईत, झाडांतलं त्यांना काही कळत नसे. भाऊ लाउदेलिनो शहरात पोलादाच्या कारखान्यात. रविवारी जेवायला यायचा.

बी पेरून आईसारखं झाड येत नाही. सफरचंदाचं पोर कुणावर जाईल सांगता येत नाही. म्हणून बेनिल्दे रस काढून उरलेल्या चोथ्यातल्या बियांची रोपं करायची आणि त्यांवर कलमं बांधायची. जानेवारीत गावोगाव हिंडून चांगल्या झाडांच्या काड्या मागायची, ओल्या वाळूत पुरून ठेवायची आणि थंडी ओसरताना रोप चिरून त्यात काडीची पाचर बसवायची.

खालच्या वाडीतले गाउदिओसोकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, तुझ्या वयाच्या पोरी नवरा शोधतात. तू काड्या कसल्या मागत फिरतेस?"

"नवरा आधी चाखून बघता येत नाही, काका. सफरचंद येतं."

काकांनी काड्या कापून दिल्या.

मला ती सांगायची, "नुसत्या गोडाचं सरबत होतं, ओल्विदो. आंबट असलं तर सायडर टिकते. आणि कडू असलं तर गिळल्यावरही जिभेवर राहते." मनासारखं कडू तिला कुठल्याच बागेत मिळालं नाही. शेवटी चेस्टनटच्या रानाच्या कडेला, कुणीच न लावलेल्या एका झाडावर मिळालं. फळ अक्रोडाएवढं, गंजल्यासारखं लाल. डुकरंही तोंड लावत नसत. तिनं त्याची दोन कलमं केली. पुढे रस्ता रुंद करताना ते रानातलं झाड गेलं.

उतारावर चाळीस झाडं झाली. पहिला खरा हंगाम यायला नऊ वर्षं लागली. सफरचंद एका वर्षी लदबदून येतं आणि पुढच्या वर्षी रुसतं, म्हणून तिनं आळीपाळीनं फळणारी झाडं निवडली होती. तिच्या घरची पिंपं कधी रिकामी राहिली नाहीत. दूरदूरची माणसं बाटली घेऊन यायची. रेमिहिओ पाहुण्यांना म्हणायचे, "झाडं हिचीच. मी मेलो तरी हिचीच."

ते वारले तेव्हा मृत्युपत्र निघालं. घर आणि जमीन मुलाला. मुलीला हयातीपर्यंत एक खोली आणि दोन वेळचं जेवण. घराचं नाव मुलानंच चालवायचं असतं, इथली रीतच तशी. बेनिल्दे तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती.

लाउदेलिनो निवृत्त होऊन बायकोसकट गावी आला. कागदाच्या कारखान्यासाठी आसपास सगळीकडे निलगिरी लावली जात होती. त्यानंही उतार निलगिरीला द्यायचं ठरवलं. सप्टेंबरमध्ये करवतवाले दारात आले. झाडं फळांनी वाकलेली, आणि फळं अजून हिरवी.

"दादा, महिनाभर थांब. फळं तरी उतरवू दे."

"माणसं ठरलीत, ट्रक ठरलाय. महिनाभर कोण थांबतं?"

"झाडं माझी आहेत. बाबा म्हणाले होते."

"बाबा बरंच काही म्हणायचे. तीन पेले पोटात गेले की चर्चसुद्धा तुझ्या नावावर केलं असतं त्यांनी."

ती आत गेली. काम करायला आलेल्या माणसांना घरच्या बाईनं जेवू घालायचं असतं आणि वहिनीला चुलीचं वावडं होतं. मी मदतीला गेले. खालून करवतींचा आवाज येत होता आणि बेनिल्दे पाच माणसांसाठी पावट्याची आमटी ढवळत होती. मीठ घालायला मात्र विसरली.

जेवताना लाउदेलिनोनं सायडर मागितली. तिनं बाटल्या आणल्या, इथे ओततात तसा बाटलीचा हात डोक्यावर उंच नेला आणि खालच्या हातातल्या पेल्याच्या काठावर बारीक धार सोडली. एक थेंब इकडेतिकडे गेला नाही.

करवतवाल्यांपैकी एक जण पेला खाली ठेवून म्हणाला, "अशी कधी प्यालो नाही. कुणाच्या हातची?"

"आमच्या घरची," लाउदेलिनो म्हणाला.

बेनिल्देनं पुढचा पेला भरला.

दुपारी ती चाकू आणि ओलं फडकं घेऊन उतारावर गेली आणि पाडलेल्या झाडांच्या कोवळ्या फांद्या कापून आणल्या. माझ्या गोठ्यामागे फेकलेल्या चोथ्यातून पंधरा रोपं आपसूक उगवली होती.

"ती मला देतेस?"

"घे की. विचारतेस काय?"

अंधार पडेस्तोवर तिनं त्या फांद्यांवरचे डोळे काढून पंधराही रोपांच्या सालीत बसवले. दुसऱ्या दिवशी आपली पेटी घेऊन ती आमच्या धान्यकोठीवरच्या खोलीत राहायला आली. मृत्युपत्रातली खोली सोडली, ती सोडलीच.

वसंतात सात डोळे फुटले. त्यांत कडू झाडाचा एक होता. मे महिन्यात मी फाटकाची कडी नीट लावली नाही आणि आमची गाय आत शिरून तोच कोंब बुडापासून खाऊन गेली. बेनिल्दे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गाईला चव आहे म्हणायची." मी हसले नाही. तीही हसली नाही.

सहा झाडं वाढली. पुन्हा नऊ वर्षं. ती अडुसष्टची झाली तेव्हा पहिलं पिंप भरलं. उन्हाळ्यात उघडलं. तिनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकला.

"पाणी आहे. पोरांना द्या."

आम्हाला ती सायडर चांगली लागायची. आम्ही दरवर्षी प्यायलो, पाहुण्यांनाही पाजली. तिनं पुन्हा ओठाला लावली नाही. तरी फळं वेचायला, दाबायला, पिंपं धुवायला सगळ्यांच्या आधी हजर असायची. दर शरदात रानं तुडवून कडू सफरचंद शोधायची. जिथे तिथे निलगिरी.

वहिनी वारली, त्यानंतरच्या हिवाळ्यात लाउदेलिनो आमच्या दारात आला. आत आला नाही.

"बेनिल्दे, खालचा झरा आटलाय. निलगिरीनं पाणी ओढलं. घरात मी एकटाच आहे. ये ना परत. खोली तुझी आहेच."

"चूलही माझीच असेल."

"बहीण आहेस तू माझी."

"तेव्हाही होते, दादा."

तो टोपी डोक्यावर घालून गेला. पुढे ती त्याच्याकडे गेली नाही आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी, फेब्रुवारीत, न्यूमोनियानं ती गेली. वाळूत पुरलेल्या काड्या त्या वर्षी तशाच राहिल्या. मला कलम बांधता येत नाही. पंधरा वर्षं ती माझ्या दारात राहिली. मी तिला एकदाही म्हटलं नाही, मला शिकव.