हाडाची मूठ, तारेचा फासा

जुन्या वस्तूंच्या दुकानाचा मालक स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेई. ही पदवी त्याला कुणी दिली नव्हती, त्यामुळे काढून घेणाराही कुणी नव्हता. मागे एकदा त्याने राजवाड्यातली फुलदाणी म्हणून ऐटीत विकलेली वस्तू कंदिलाची बैठक निघाली. तेव्हापासून तो प्रत्येक वाक्यात 'बहुतेक' घालायला शिकला होता.

या खेपेला भंगारातल्या पेटीत त्याला हाडाची एक मूठ सापडली. मुठीच्या टोकाला बोटभर लांब, अरुंद असा पोलादी तारेचा फासा. संग्रहालयाच्या बाई आज चार वाजता ती पाहायला येणार होत्या. ओळख पटली तर वस्तू काचेच्या कपाटात जाणार आणि खाली त्याच्या हातची चिठ्ठी लागणार, सहीसकट! तीस वर्षं धूळ खाल्ली ती एवढ्यासाठीच.

आठ दिवस त्याने डोकं खाजवलं. दातांच्या डॉक्टरला दाखवलं, तो पोट धरून हसला. चांभाराने नुसतीच मान हलवली. स्वतः तज्ज्ञाने चार चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातली 'बहुतेक हत्तीचं कानकोरणं' ही त्याची त्यालाच वाचवेना, म्हणून फाडली.

चारला पाच मिनिटं कमी असताना बायको त्याचा विसरलेला चष्मा घेऊन आली. बाहेर बोचरी थंडी आणि हिचा स्वेटर सताड उघडा.

"बटणं लाव की गं!"

"मला उकडतं," ती म्हणाली. दोन हिवाळे तो हेच ऐकत आला होता आणि त्याला ते खरंही वाटत होतं.

तिची नजर टेबलावर गेली. "अहो, हे कुठे मिळालं?"

उत्तराची वाट न बघता तिने मूठ उचलली, फासा स्वेटरच्या काजातून घातला, बटण पकडलं आणि ओढलं. बटण लागलं. मग दुसरं लागलं.

"आईकडे होतं असं. तिची बोटं आखडली होती ना."

"आणि तुझी?"

"माझीही आखडलीत. दोन वर्षं झाली."

"मग सांगायचंस तरी!"

"तुम्ही दिवसभर काही ना काही निरखतच असता. म्हटलं, दिसेल कधीतरी."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंज बघून वस्तूचं वय सांगणारा हा शहाणा रोज तिच्या समोर जेवायला बसत होता. डोळे भरून आले, तेव्हा त्याने चष्मा पुसायचं निमित्त केलं.

चारच्या ठोक्याला बाई आल्या. "ओळखलंत का?"

"ओळखलं. म्हणजे मी नाही, हिने." त्याने सगळं सांगितलं.

"वा! मग द्या इकडे. चिठ्ठी तुम्हीच लिहा, सही करा."

बायको गळ्याजवळच्या शेवटच्या बटणापाशी आली होती. तिने फासा सोडवला आणि मूठ पुसून त्याच्यापुढे धरली. "घ्या, द्या त्यांना."

त्याने ती घेतली नाही.

"माफ करा बाई," तो म्हणाला, "ही वस्तू वापरात आहे."